साडेचार मिनिटं, न तोडता

जकार्ता,
४ मार्च १९७९

ती. गेडेदादास,
ॐ स्वस्त्यस्तु. धाकट्या कादेकचा दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि वहिनींना वेगळा, कारण तुझ्यातला वाटा त्या घेणार नाहीत.

बातमी अशी की आमचा चित्रपट जवळजवळ पुरा झाला. संकलनाच्या खोलीत मी आता नुसती पट्ट्या चिकटवणारी राहिलेली नाही. आमचे दिग्दर्शक पाक हार्सोयो संगीत कुठे ठेवायचं ते मलाही विचारतात. तू विचारशील, संगीत ठेवायचं म्हणजे काय, भांडं आहे का? दादा, या माणसाच्या हाताखाली काम केल्यावर कळतं की ते भांडंच आहे. मागच्या चित्रपटात परदेशी निघालेल्या मुलासाठी आई शर्ट शिवते. दुसऱ्या कुणीही तिथे व्हायोलिनं रडवली असती. यांनी फक्त शिलाई यंत्राची टकटक ठेवली. यंत्र थांबलं तेव्हा कुठे बासरी सुरू झाली, आणि तोवर आपण रडतोय हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. डोळ्यांनी सांगितलेलं कानांनी पुन्हा सांगायचं नाही, असं ते म्हणतात.

या वेळची गोष्ट आपल्याकडची, बालीतली आहे. नायक-नायिका भाताच्या कोठाराआड पहिल्यांदा भेटतात, त्या प्रसंगाला धून मी निवडली! कचेरीतल्या जुन्या फितींत चार सुरांच्या धातूच्या वाद्यमेळाची एक सापडली. ऐकताच वाटलं, कुणीतरी मला अलगद वर उचलून घेतलंय. पाक हार्सोयोंनी डोळे मिटून ऐकली आणि मान डोलावली.

१८ तारखेला डेनपासारला लोकांचा कानोसा घेण्यासाठी एक खेळ आहे. आठ तिकिटं सोबत पाठवते. तुझ्या वाद्यमेळातल्या मंडळींना घेऊन जा, आणि खरं काय ते कळव. गोड गोड लिहू नकोस.

तुझी माया अशीच राहू दे.
कादेक


तेगेनान,
२० मार्च १९७९

चि. कादेक हिस,
मोठ्या भावाचे आशीर्वाद, वहिनीचेही. (ती म्हणते, नमस्कार पोचला, चिठ्ठीबरोबर साबण पाठवला असता तर तोही पोचला असता.)

खरं कळव म्हणालीस. आता वाचताना रागावू नकोस. आम्ही आठही जण एका बेमो गाडीत कोंबून गेलो. चित्रपट चांगला आहे. ती नटी भाताची पेंढी धरते तशी आपल्याकडे कुणी धरत नाही, पण ते सोड. मग कोठारामागचा प्रसंग आला. पोरानं तिचा हात धरला, तुझी धून सुरू झाली, आणि अंधारातून कुणीतरी मोठ्यानं विचारलं की अरे, कोण वारलं? सगळं थिएटर हसलं. दोन म्हाताऱ्या तर उठून निघूनच गेल्या.

बाई, ती दहनाला जाताना वाजवायची धून आहे. मडक्यात लग्नाचा नारळ ठेवायचा तिथे अस्थी ठेवल्यासारखं झालं ते.

पुढचं लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. वहिनी म्हणाली, लिहा, तिचं आहे ते तिला द्या. आईला नेलं तेव्हा हीच धून आमच्या मेळानं वाजवली होती. तू सहा वर्षांची होतीस. गर्दीत तुडवली जाशील म्हणून मी तुला खांद्यावर घेतलं होतं. उचलून घेतल्यासारखं वाटलं असं तू लिहिलंस ना, ते खरंच आहे. मीच उचललं होतं.

पुढच्याच वर्षी आत्या तुला सुराबायाला घेऊन गेली. तुला आठवत नसलं तर त्यात तुझा दोष नाही.

काळजी घे, जेवत जा.
गेडे


जकार्ता,
२ एप्रिल १९७९

ती. दादास,
नमस्कार. पत्र वाचलं आणि दिवसभर कामाला हात लागला नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी बाबांच्या विधींना आले होते, तेव्हा पुरोहितांशी बोलताना मोठ्यांशी बोलायची मानाची बोली सोडून बरोबरीच्यांची बोली वापरली होती. सगळे चुलतभाऊ हसले होते. त्यानंतर मी का आले नाही हे तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आता थिएटरभर लोक हसले. माझ्या आईची धून मी पहिल्या भेटीला बसवली आणि मला कळलंही नाही!

नोकरी जाणार असं समजूनच पाक हार्सोयोंना सगळं सांगितलं, आईचंही. ते म्हणाले की चूक तुझी नाही, माझी आहे. सूर गोड लागला म्हणून मी विचारलं नाही की तो कुणाचा आहे. आणि त्यांनी तुझा पत्ता मागितला. महिनाअखेरीस ध्वनिमुद्रकाला घेऊन ते येतायत. मला चल म्हणाले. मी कामाचं निमित्त सांगितलं.

एक विचारू? त्या दिवशी मी रडले का?

कादेक


तेगेनान,
९ मे १९७९

चि. कादेक हिस,
आशीर्वाद. तुझे साहेब येऊन गेले. मी शहरी माणूस समजून खुर्ची मागून आणली होती, हा गृहस्थ तीन दिवस चावडीत मांडी घालून बसला. पहिल्या दिवशी यंत्र उघडलंही नाही. कुठलं वाद्य केव्हा वाजतं, केव्हा वाजत नाही, एवढंच विचारत राहिला. वाजत नाही ते जास्त बारकाईनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, मुलगा मुलीला चोरून भेटतो तेव्हा तुमच्याकडे काय वाजतं? मी म्हटलं, काही नाही, छाती वाजते. मग तोंडून निघूनच गेलं की तुझ्या वहिनीला मी विहिरीजवळ भेटायचो ते तालमीच्या वेळी. इकडे आम्ही दोघं बोलतोय आणि तिकडे चावडीत तालीम अडखळतेय, गुरुजी ओरडतायत की गेडे मेला कुठे! तुझे साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वहिनी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण आहे म्हणून सगळे नवीन धोतरं नेसून, कानावर फूल खोचून बसले. आणि यांनी यंत्र नेऊन ठेवलं विहिरीजवळ, केळीच्या पलीकडे! वर सांगितलं की नवीन तुकड्याची तालीम करा, येत नसेल तो. आम्ही चुकलो, गुरुजींनी ढोलक्याला झापलं, सगळं टिपलं गेलं. मंडळी भडकलीयत. आमच्या चुका आता देशभर ऐकवणार का, म्हणून.

शेवटी त्यांनी ती दहनाची धून मागितली. चित्रपटात नायिकेचा बाप जातो, तिथे ती तिच्या जागी ठेवीन म्हणाले. बंजारची, सगळ्या वाडीची, बैठक बसली. एकच अट पडली: मधे तोडायची नाही. अर्धी वाजवली तर गेलेला माणूस अर्ध्या वाटेवर राहतो. त्यांनी घड्याळ लावून ऐकली. साडेचार मिनिटं भरली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते घड्याळाकडे बघत होते. मग म्हणाले, कबूल.

तू रडली नाहीस. माझ्या खांद्यावर बसून धुनीच्या तालावर दोन्ही हातांनी माझं डोकं बडवत होतीस. आई गेली हे तुला कळलं नव्हतं, पण ताल एकदाही चुकला नाही.

तू का आली नाहीस हे आताही विचारत नाही.
गेडे


जकार्ता,
१४ जुलै १९७९

ती. दादास आणि वहिनींस,
नमस्कार. साबण पाठवला आहे.

इथे महाभारत झालं. निर्माते म्हणाले, साडेचार मिनिटं एक शब्द नाही म्हटल्यावर लोक लवंगी सिगारेट ओढायला बाहेर जातील. पाक हार्सोयो म्हणाले, जाऊ देत, बाहेरही ऐकू येईल. निर्माते म्हणाले, मग तेवढी लांबी दुसरीकडून काढा. आणि दादा, यांनी वादळाचा प्रसंग काढला. नऊ दिवस समुद्रात उभं राहून चित्रित केलेला, त्यांचा सगळ्यात लाडका. स्वतः कात्री लावली. मला म्हणाले, तुझ्या गावाला शब्द दिलाय.

मग दहनाचं रीळ त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. मला जमणार नाही म्हटलं, तर म्हणाले की या धुनीबरोबर तू एकदा चालून आलीयेस, मी नाही. आणि खोलीतून निघून गेले.

नेहमी आम्ही चित्र आधी जोडतो आणि संगीत त्यावर बसवतो. या वेळी धून पुरी अंथरली आणि तिच्यावर चित्रं ठेवत गेले. रडणारे चेहरे घेतलेच नाहीत. पावलं, धूर, छत्र्या. टाकून दिलेल्या तुकड्यांच्या टोपलीत कुणाच्यातरी खांद्यावरचं एक मूल सापडलं, पाठमोरं. हात हलतायत. मी ते ठेवलं. पाक हार्सोयोंनी बघितलं आणि फक्त ते दोन सेकंद अजून लांब करायला सांगितलं.

हात फार दुखतायत, आणि मी बरी आहे.
कादेक


तेगेनान,
२१ ऑक्टोबर १९७९

चि. कादेक हिस,
तुला आशीर्वाद आणि साबणाला वहिनीची पावती.

काल चित्रपट लागला. या वेळी बेमो सहा लागल्या, निम्मं गाव होतं. कोठारामागच्या प्रसंगात लोक पुन्हा हसले, पण या वेळी हसायचंच होतं. पोरगा हात धरतो आणि लांबून तालीम फसते, गुरुजींची शिवी येते, पोरगा दचकून हात सोडतो. शेजारची बाई तिच्या नवऱ्याला कोपरानं ढोसत होती. वहिनीनंही मला ढोसलं. आमच्या चुकांनी इतकं सुख होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ढोलक्या तर आता स्वतःला नट समजतो.

मग बापाचं दहन आलं. कुणीही बाहेर गेलं नाही. आमच्या रांगेत सगळ्यांची बोटं मांडीवर चालत होती, अंधारात न बोलता आम्ही पुन्हा वाजवत होतो. ते मूल दिसलं तेव्हा वहिनीनं माझं मनगट धरलं ते धून संपेपर्यंत सोडलं नाही. पुरी वाजली. माझ्या मागे एका म्हातारीनं हळूच म्हटलं की पोचला बिचारा.

शेवटी पडद्यावर तुझं नाव आलं. कुणीतरी विचारलं, ही आपल्याकडची का? मी म्हटलं, माझी बहीण. दोघातिघांना मला बहीण आहे हेच माहीत नव्हतं, याची मला फार लाज वाटली. मग सगळे मागे लागले की ती येणार कधी. मी सांगून बसलोय, पुढच्या महिन्यात, गालुंगानच्या सणाला. आता मला गावात खोटा पाडू नकोस.

बोलीचं मनावर घेऊ नकोस. चुकलीस तर चुकलीस. आम्हीही चुकतो, ते आता साऱ्या देशाला ठाऊक आहे. वहिनीनं तुझ्यासाठी चटई विणायला घेतलीय, आणि गुरुजींनी विचारलंय की मुलीचा ताल अजून तसाच आहे का.

गालुंगानला मेलेली माणसंसुद्धा घरी येतात. तू तर जिवंत आहेस.

वाट बघणारा,
गेडे