मोटार बंद असलेल्या बोरचं पाणी

आबा,

जय भीम. तुमी गेल्यापासून तुमच्या पाने-पकडीच्या पिशवीला कुणी हात लावला न्हाई. काल आईनं ती माझ्यापुढं आणून ठेवली. आत तुमची वही निघाली. हिच्याच पानांचे फोटो तुमी मोबाइलवर पाठवले होते, अन् मी फोनवर म्हटलं होतं, "बघितलं आबा, काही विशेष न्हाई." मी ते उघडलेच नव्हते! हे सांगायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू?

जवळा बाजारापासून वारंगा फाट्यापर्यंत कुणाच्याही बोरातली मोटार जळाली की तुमाला बोलावणं यायचं. मोटार वर आली की लोक मोटारीकडं बघायचे, तुमी पाइपातल्या पाण्याला हात लावायचे. "खालचं पाणी कोमट काहून?" मी एम.एस्सी. झाले तेव्हा पेढा तोंडात टाकायच्या आधी हेच विचारलं होतं तुमी!

पृथ्वी पोटात गरम असते, मी ऐटीत सांगितलं. "व्हय, पण तेवढ्याच खोलीवर गोरेगावचं बोर जास्त गरम काहून?" यावर मी दुसरा पेढा पुढं केला.

मग तुमी पेपरात डार्क मॅटरचं वाचलं. ते ग्रहांच्या पोटात साठून उष्णता देत असंल, असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज.

"कुणाला सापडलंय का ते?"

"न्हाई आबा. पण आकाशगंगा ज्या वेगानं फिरतात, तो वेग दिसणाऱ्या पदार्थात बसत न्हाई. म्हणून न दिसणारं काहीतरी आहे असं मानतात."

"म्हंजे गणित जुळंना म्हणून मानलं. अन् उद्या गणितच चुकीचं निघालं तर?"

अहो, मोठमोठे लोकसुद्धा यावरूनच भांडून राहिले! तेवढं कबूल करायला माझं काय जात होतं? पण घरी मी शिकवते त्या कॉलेजातले पाहुणे आले होते. त्यांच्यापुढं मी म्हणाले, "मोटार चालली की पाणी तापतंच. आबा मोटारीचा ताप मोजून पृथ्वीचा म्हणून राहिले." सगळे हसले. तुमीबी हसले. ते हसणं आठवलं की जीव नकोसा होतो.

कारण वहीत त्या दिवसानंतर प्रत्येक नोंदीच्या वर लिहिलंय, "मोटार बंद, आठ दिवस." "मोटार बंद, पंधरा दिवस." माझं म्हणणं खोडायला तुमी फक्त बंद पडलेली बोरं मोजली! दोरीनं बोरात सोडायचा थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत, बाटलीला गोणपाट, वर ओढताना निवू नये म्हणून. शेतकरी पाण्यासाठी खोळंबून शिव्या देत असतील, अन् तुमी म्हणत असाल, "एक घंटा थांबा जरा." हे कुणी शिकवलं तुमाला?

गोरेगावचं बोर तरीही चार अंशांनी जास्तच. खडक, भेग, गरम झरा, कालपासून सगळं लावून बघितलं. काही बसंना. डोकं फुटायची वेळ आली.

शेवटच्या पानावर माझ्या त्या फोनची तारीख आहे. खाली एवढंच. "ताईनं बघितलं. काही न्हाई म्हणली. मोजणं बंद."

एवढा भरवसा काहून ठेवला माझ्यावर? भांडायचं ना आबा! दोन शिव्या हासडायच्या!

आज गोरेगावच्या बोरवाल्या काकांना फोन केला. ते बोर अजून बंदच आहे, पण उद्या दुपारी नवी मोटार उतरवणार. ती एकदा चालली की तसं निवांत पाणी परत मिळायचं न्हाई, चालतं बोर आठ दिवस बंद कोण ठेवील? मी रडतच हात जोडले. "काका, दुपारपर्यंत काही हलवू नका." ते व्हय म्हणाले.

आबा, सकाळच्या पहिल्या जीपनं मी निघते. आकडा तुमच्यासारखा आला तरी तुमच्या नावानं लिहीन, न्हाई आला तरी तुमच्याच नावानं लिहीन. अन् कारण सापडलं न्हाई तर वर्गात पोरांपुढं उभी राहून म्हणेन, "मला माहीत न्हाई." हे तीन शब्द तुमच्यापुढं म्हणले असते, तर तुमी जाईपर्यंत मोजत राहिले असते.

तुमची,
ताई