एक जोड राहिला

नाशिक,
रविवार, १४ सप्टेंबर १९८०

प्रिय सहादू,

अनेक आशीर्वाद. अक्षर पाहून दचकू नकोस, तुझ्या आईचंच आहे. मी चौथी पास आहे हे तुम्ही सगळे विसरलात; फुलांच्या पाट्या उचलता उचलता मीही विसरत आले होते. इथे मात्र अर्ध्या घाटाची पत्रं मी लिहिते. कुणाला भावाला कळवायचं असतं, कुणाला पेन्शनच्या साहेबाला विनवायचं असतं. लोकांची पत्रं झरझर लिहून होतात. तुझं लिहायला बसले तर सकाळपासून तीन कागद फाडले. हा चौथा, आणि हा मी फाडणार नाही.

आधी आनंदाची बातमी. आम्ही जिंकलो रे. सिंहस्थातलं श्रावण अमावास्येचं मोठं स्नान गेल्या मंगळवारी पार पडलं आणि त्या दिवशी सहा हजारांवर लोकांच्या चपला आम्ही घाटावर सांभाळल्या. आम्ही म्हणजे 'विसावा'तली सव्वीस माणसं, ज्यांना घर नाही की दार नाही. एकही जोड हरवला नाही. आणि या सगळ्यांची मुकादम कोण, तर तुझी आई. तू म्हणायचास, हिच्या तोंडापुढे विंचूरच्या मार्केटातले हमालसुद्धा गप्प बसतात. त्याच तोंडाचा इथे उपयोग झाला.

सुमनला, माझ्या सुनेला, आशीर्वाद सांग. तुमची धाकटी आता बालवाडीत जात असेल. मी निघाले तेव्हा ती नुकती उभी राहायला लागली होती, म्हणजे तीन वर्षं झाली. ज्येष्ठ महिना होता. डोळे दाखवायला म्हणून तू मला नाशिकला आणलंस, रामकुंडाच्या पायरीवर बसवलंस आणि चहा आणायला गेलास. यात्रेचं गाव, चहाला उशीर होतो, हे मला कळतं. संध्याकाळी शेजारच्या बाईला सांगितलं की माझा मुलगा गर्दीत चुकला. दुसऱ्या दिवशी पोलिसाला तेच सांगितलं. खरं म्हणजे गर्दी काही फार नव्हती. मांडीवरचं बोचकं सोडलं तेव्हा त्यात माझी दोन्ही लुगडी निघाली, थंडीतली चादर निघाली आणि देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाकही निघाला. डोळे दाखवायला निघालेल्या बाईला एवढं कुणी बांधून देत नाही. गाठ सुमनची होती, मी ओळखते तिची गाठ.

तिसऱ्या दिवशी मार्थाबाई आल्या. मार्थाबाई साळवे म्हणजे मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, उंच आणि सडसडीत, बोलणं थोडं आणि चालणं फार. चर्चच्या मंडळींनी त्यांना एक जुनं कौलारू गुदाम दिलं, त्याचा त्यांनी विसावा केला. रोज सकाळी हातगाडीवर गरम पाणी, मलम आणि पट्ट्या घेऊन त्या घाटावर येतात आणि कुजलेल्या पायांच्या जखमा आपल्या हाताने धुतात. मी त्यांच्या गळ्यातला क्रूस पाहिला आणि बोचकं पोटाशी धरलं. आता ही बाई पाव देणार आणि मला बाटवणार. तर त्यांनी पाव दिला नाही, नाव विचारलं नाही, जातही विचारली नाही. म्हणाल्या, “बोचकं ठेवायचंय का कुठं?”

तुला हसू येईल, पण ज्याला घर नाही त्याला पहिली अडचण भाकरीची नसते, बोचक्याची असते. ते सोडून कामाला जाता येत नाही, अंघोळीला जाता येत नाही, चार पावलं आडोशालाही जाता येत नाही. परत येईपर्यंत ते कुणीतरी उचललेलं असतं. विसाव्यात भिंतभर फळ्या आहेत. बोचकं फळीवर ठेवायचं, नंबरचा पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि हात हलवत बाहेर पडायचं. त्या दिवशी तीन दिवसांनी माझे हात मोकळे झाले आणि मी उभ्या उभ्या रडले. मार्थाबाईंनी वहीत लिहून घेतलं, 'मुलगा गर्दीत चुकला.' ते अजून तसंच आहे. मी कुणाला खोडू दिलं नाही.

बाटण्याची भीती मात्र महिनाभर होती. मी त्यांच्या हातचं जेवायला तयार नव्हते, तर त्यांनी मला अंगणात तीन विटा मांडून दिल्या, पीठ दिलं आणि म्हणाल्या की तुझी तू रांध. पुढे माझ्या भाकरीच्या वासाने त्यांच्याच तोंडाला पाणी सुटलं आणि आता सव्वीस माणसांची चूल माझ्याकडे आहे. सकाळी त्यांची प्रार्थना होते. ज्याला बसायचं तो बसतो, नाही त्याने अंगण झाडावं. माझा खंडोबा माझ्या फळीवर आहे. बाई फळी पुसतात तेव्हा त्याला उचलून पुसतात आणि पुन्हा तोंड पूर्वेला करून ठेवतात. हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. आषाढात मेळ्याच्या बंदोबस्ताचे एक साहेब विसाव्यात आले. घाटावरचे सगळे बिनकामाचे लोक गाडीत घालून दूरच्या भिक्षेकरी गृहात नेणार, म्हणाले. आमच्यातला गोटीराम तिथे एक वर्ष राहून आलेला आहे. मालेगावला मागावर काम करताना त्याची दोन बोटं गेली, नोकरी गेली आणि तो पुलाखाली झोपायला लागला. तिथून सुटून आल्यावर कुणी दार लावलं तरी तो दचकून उठायचा. साहेबांचं बोलणं ऐकून तो भिंतीला टेकून खाली बसला. बाई म्हणाल्या, ही माझ्या घरची माणसं आहेत. साहेबांनी विचारलं, काम काय करतात? मला राहवलं नाही. मी चुलीजवळून म्हटलं, “यात्रेकरूंच्या चपला सांभाळतो साहेब.”

तेव्हा आम्ही कसल्या चपला सांभाळतोय! बोचकी सांभाळत होतो, म्हणून तोंडातून निघून गेलं. मार्थाबाई कधी खोटं बोलत नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पदर तोंडात घालावासा वाटला. मग त्या साहेबांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, “येत्या सोमवारपासून.” साहेब हसले. लोकांच्या चपला यांच्या हाती, म्हणाले. तरी घाटावर जागा दिली आणि जाताना म्हणाले, “मोठं स्नान होईपर्यंत बघतो. एक जोड जरी गेला, तर गाडी दारात उभी करीन.”

आम्ही घाटावर फळ्या मांडल्या. गोटीरामने डालड्याचे डबे कापून बिल्ले केले, एका नंबरचे दोन दोन. एक चपलेला, एक मालकाला. सगळं बाईंच्या दवाखान्यासारखं शिस्तीत. आणि पहिल्याच सोमवारी फजिती झाली. दवाखान्यातल्या बाईला कुठून सुचावं की पाण्यात उतरणारा माणूस एका ओल्या पंच्यावर असतो आणि बुडी मारताना हाताने नाक धरतो! चाळीस बिल्ले गोदामाईला वाहिले. चाळीस माणसं आमच्यावर ओरडायला लागली, माझी दे, आधी माझी दे. मी सगळ्यांना रांगेत बसवलं आणि म्हटलं, तोंडं दाखवू नका, पाय दाखवा. तेवीस वर्षं बाजारात खाली बसून फुलं विकली, सहादू. मी माणसांची तोंडं कमी आणि पाय जास्त पाहिलेत. कुणाची टाच उललेली, कुणाच्या अंगठ्याला चांदीचं वळं, कुणाचा पाय आत वळलेला. सकाळी कुठल्या पायांनी कुठली चप्पल काढली ते मला आठवत होतं. चाळीसच्या चाळीस ज्याच्या त्याला दिल्या. एक वकील तेवढा म्हणाला की माझा जोड याहून नवा होता, तर त्याची बायकोच त्याच्यावर ओरडली.

दुसऱ्या दिवशी मी मंडईतून केळीच्या खोडाची सोपटं आणली. आपण हार बांधायला त्याचा धागा काढायचो तसा काढला, बिल्ल्यात ओवला आणि मार्थाबाईंच्या मनगटाला बांधून त्यांचा हात बादलीत बुडवला. ओला झाला की हा धागा जास्तच आवळतो, हे फुलवाल्यांना ठाऊक, नर्सबाईंना नाही. त्या दिवसापासून त्या मला भागूताई म्हणतात. पुढचे पंधरा दिवस विसाव्यात रोज संध्याकाळी सगळे सोपटं सोलत बसायचे. चर्चमधल्या बाया, त्यांच्या पाळकांची म्हातारी आईसुद्धा. सगळ्यांची बोटं चिकट झाली आणि सगळ्यांनी मला नावं ठेवली.

मोठ्या स्नानाचं काय सांगू तुला! माणसांचा पूर होता. नांदगावचे लोक, सटाण्याचे, मुंबईचे, बूटवाले, टायरच्या चपलावाले, खडावावाले साधू. खडावा आणि चामडं शेजारी ठेवायचं नाही, हा नियम मीच केला. मी पुढे बसून मनगटाला धागा बांधायची आणि मागे पंचवीस माणसं फळ्यांपाशी पळत होती. गोटीराम आठ बोटांनी दहा बोटांचं काम करत होता. कडी वाजली तरी दचकणारा तो माणूस त्या दिवशी पोलिसांना म्हणत होता, “ओ दादा, लाईनीत या.” दुपार झाली, पाणी प्यायला सवड नव्हती, आणि मला वाटलं की माझ्या आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती.

दिवेलागणीला साहेब आले. गाडी पुलापाशी उभी होती, ती आम्हाला सकाळपासून दिसत होती. साहेब सगळ्या फळ्यांपुढून फिरले. फळ्या रिकाम्या होत्या, फक्त कोपऱ्यात एक जोड होता. हा कुणाचा, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हरवला नाही साहेब, राहिलाय, मालक येईल. साहेबांनी त्या जोडावरचा बिल्ला पाहिला. मग खिशातून कागद काढला आणि तिथेच फळीवर ठेवून लिहून दिलं की मेळा संपल्यावरही या घाटावरचं चपला सांभाळण्याचं काम विसाव्याच्या लोकांकडेच राहील. गाडी रिकामी परत गेली. गोटीराम रिकाम्या फळीवर चढून बसला आणि लहान पोरासारखा रडला. मार्थाबाईंनी त्यांचं गाणं म्हटलं, आम्ही सगळ्यांनी येईल तसं म्हटलं. मग माझ्याच्याने राहवलं नाही, मी भंडारा उधळावा तशी ओरडले, येळकोट येळकोट जय मल्हार! आणि मार्थाबाई म्हणाल्या, आमेन.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते लिहिते. मोठ्या स्नानाच्या दुपारी माझ्यापुढे एक उजवा पाय आला, त्याचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. ते सरळ व्हावं म्हणून मी सहा महिने रोज तेल लावून चोळलं होतं, पण झालं नाही. मी वर पाहिलं नाही. चपला मागे दिल्या, धागा घेतला आणि तुझ्या मनगटाला बांधला. गाठ मारून झाल्यावर पाहिलं. तू पण पाहिलंस. मागून लोकांनी ढकललं आणि तू पाण्याकडे गेलास तो परत आलाच नाहीस. तू पळालास असं मी म्हणणार नाही. मला राग होता, सहादू, फार होता. पहिलं वर्षभर तुला शिव्या घालत भाकऱ्या थापल्या. अजून तो सगळा गेलेला नाही. पण फळीवरचा तो जोड रोज पुसताना माझ्या मनात एकच येतं, की तू विंचूरपर्यंत अनवाणी गेलास. विंचूरला येणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर तो पाठवता आला असता. पण आमचा नियम आहे की बिल्ला पाहिल्याशिवाय आणि मालकाच्या हातात दिल्याशिवाय जोड सोडायचा नाही, आणि हा नियम मीच केलाय. तेव्हा बिल्ला घेऊन ये. मला न्यायला येऊ नकोस. मला घर आहे, काम आहे आणि मी येणार नाही. तो जोड तुझा आहे हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मार्थाबाईंनाही नाही. मी खाली बघूनच काम करते. बोलायचं नसलं तर बोलू नकोस. हात पुढे कर, मी धागा सोडीन आणि चपला तुझ्या पायांपुढे ठेवीन. पण तू घालेपर्यंत मी मान वर करणार नाही, एवढं तुला उभं राहावं लागेल.

तुझीच,
आई