बोटांनी थापलेली भाकर

मलकापूर, सोमवार, माघ

भांड्यांना धुण्याचा सोडा स्वस्त पडतो, असं मी घरात सांगत आलो. त्याची खरी किंमत आज मोजली: माझ्या बायकोच्या, मंजुळेच्या उजव्या तळव्याला सात भेगा.

संध्याकाळी भाकरीचा आवाज कानाला खटकला. तळव्याची भरीव थाप नाही, नुसती बोटांची टपटप. डबा बोटानं वाजवून आत तेल किती ते सांगणारा माणूस मी. माझ्या कानातून काय सुटतं? उठून तिचा हात उलटा केला अन् घाबरलोच. एक भेग पिकलेली.

सोडा उकिरड्यावर फेकला. रिठे उकळले, पराटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, राख चाळली, भांडी मीच घासली.

"दार लोटा हो, शेजारीण पाहून राह्यली."

"पाहू दे. रिठ्याचं पाणी झोंबते का तुले?"

"नाही झोंबत."

पण तिचा तळवा हाताला गरम लागत होता. उशीर तर नाही ना झाला? उद्या सकाळीच डॉक्टरकडे नेतो.

"थापेवरून वळखलं मी," ऐटीत म्हणालो.

ती हसली. "दिवाळीपासून बोटांनीच थापून राह्यली मी."

दिवाळीपासून मी रोज दोन्ही वेळा तिच्या चुलीपुढेच जेवतोय.