पाणबुडीवाल्यांच्या सत्काराची तारीख

१० नोव्हेंबर
संकल्प! आठ डिसेंबरला पाणबुडी दिन. त्या दिवशी बाबांचा आणि हौशीरामकाकांचा जंगी सत्कार. दोघं एकाहत्तरच्या लढाईत एकाच पाणबुडीवर. तालुक्यात कुणाला पत्ता नाही. मी माजी उपसरपंच. मी नाही करायचं तर कोणी? शिवाय रोज पहाटे पाचला उठून बाबांच्या आठवणी लिहून घेणार.

११ नोव्हेंबर, सकाळी ८.४०
थंडी लई. उठणं झालं नाही. बाबा म्हणाले, सत्काराचं राहू दे, मला नुसतं हौशीरामकडं ने, तो अंथरुणाला खिळलाय. जुन्नरच्या पुढं डोंगरात, गाडीवर दीड तास! म्हटलं, आधीच भेटलात तर स्टेजवरच्या गळाभेटीत काय राम?

१६ नोव्हेंबर
फ्लेक्स फायनल. आमदारसाहेब मोठे, मी मध्यम, बाबा आणि काका खाली गोल चौकटीत, नावं बारीक अक्षरात: चांगदेव आणि हौशीराम. पाणबुडी बसेना, काढली. यशोधरा म्हणाली, अहो, सत्कार नक्की कुणाचा? बायकोला डिझाइनमधलं कळत नाही.

२४ नोव्हेंबर
साहेबांना आठला पारगावात लग्न आहे. चौदा करू. प्रमुख पाहुण्यांशिवाय सत्कार म्हणजे नुसताच चहा.
बाबा पिशवी भरून दारात बसलेले. आत स्वेटर, बिस्किटं. म्हणे एसटीनं एकटा जातो. मी जाऊ दिलं नाही. उपसरपंचाचा बाप दोन एसट्या बदलत फिरतोय म्हटल्यावर लोक काय म्हणतील?
पिशवी तशीच दाराशी ठेवलीय.

२९ नोव्हेंबर
आठवणींना सुरुवात! बाबा म्हणाले, खाली आवाज करायचा नाही असा हुकूम व्हता. चमचा पण वाजता कामा नये. डोक्यावरून शत्रूचं जहाज गेलं तवा हौशीरामनं माझा हात धरला. जहाज लांब गेलं तरी सोडला न्हाई.
भारी मटेरियल. तेवढ्यात साहेबांच्या पीएचा फोन. चौदा पण नाही. एकवीस बघू. तोवर बाबा झोपले.

६ डिसेंबर
सकाळी विहारात अभिवादनाला गेलो होतो. तिथंच फोन आला. हौशीरामकाका पहाटे गेले.
आधी साहेबांना कळवलं. त्यांचा निरोप येईपर्यंत थांबणं भाग होतं. आम्ही पोचलो तेव्हा सरण पेटून बराच वेळ झाला होता. बाबा पिशवी घेऊन उभे.

१५ डिसेंबर
काकांची दशक्रिया. साहेब साडेआठच्या ठोक्याला घाटावर हजर! दशक्रिया ते चुकवत नाहीत. माइकवर दहा मिनिटं बोलले. काकांनी हिमालयात देशसेवा केली म्हणाले. मी दुरुस्ती केली नाही, मोठ्या माणसाला मध्येच कसं तोडणार? साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, कुणीतरी फोटो काढला.
मग बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबांनी माइक बाजूला सारला आणि काकांच्या बायकोजवळ, इंद्रायणीकाकूंजवळ जाऊन बसले. पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवली.
काकू म्हणाल्या, रोज इचारायचे, चांगदेव आला का.
बाबा म्हणाले, तारीख मिळत नव्हती.
मी गाडी काढायला गेलो.