मागची गाडी

प्रिय पृथ्वी,

रागातच लिहायला बसले आहे, म्हणून तू कसा आहेस वगैरे विचारत नाही. काल दुपारी सायरन अजून लांब असतानाच आबा पुन्हा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, एक हात वर करून. बिद्रीच्या कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर समोर होता, मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या. त्या पोरानं जीव खाऊन ब्रेक दाबला, ट्रॉलीवरच्या मोळ्या रस्त्यावर घसरल्या, आणि आबा जागचे हलले नाहीत. मी दंडाला धरून ओढलं तर माझ्यावरच डाफरले, "सोड की, त्याला थांबवू दे मला." डॉक्टरांनी पायऱ्यासुद्धा बेतानं चढा म्हणून सांगितलेला बाप आहे हा आपला. दाराला कडी लावली तर गोठ्यातून बाहेर पडतात. एखाद्या दिवशी माझा हात पोचणार नाही. तेवढं तुला आधी कळू दे, बाकीचं सावकाश सांगते.

गडहिंग्लजहून आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी आले होते, ती अजून इथंच आहे. सासूबाई फोनवर काही बोलत नाहीत, म्हणजे काय ते तू समज. हंगाम जोरात चालू आहे. वारा फिरला की मळीचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. आपली बांडी म्हैस व्यायली, रेडी झाली. आई बरी आहे, पण बोलणं कमी झालंय, आणि चहात साखर दोनदा पडते. शेजारच्या चिमणाकाकी रोज संध्याकाळी येऊन बसतात आणि रस्त्याकडं पाठ करून बसतात. पूर्वी त्यांना रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा पाहिल्याशिवाय चैन पडत नसे.

तुला अंगणातला आपला खेळ आठवतो का? आबा गारगोटीच्या दवाखान्यात ॲम्ब्युलन्स लावून घरी यायचे, खाकी शर्ट खुंटीला अडकवायचे आणि बॅटरीवर निळा कागद बांधून आपल्या मागं लागायचे. सायरन तोंडानंच. माझ्याकडं सायकल, तुझ्याकडं तो चाकाचा पाट. आबांचा धडा ठरलेला: आरशात निळा दिवा दिसला की गडबडायचं न्हाय. डावा इंडिकेटर, वेग कमी, डाव्या कडेला घ्यायचं आणि थांबायचं. जाग्यावर कचकन ब्रेक मारायचा न्हाय. चौकात असशील तर आधी चौक सोड. आणि शेवटचं ते बोट नाचवून सांगायचे, "गाडी गेली म्हणून लगीच रस्त्यावर यायचं न्हाय. मागनं दुसरी आसती." मी शहाण्यासारखी थांबायची. तू मात्र आबा पुढं गेले की पाट घेऊन त्यांच्याच मागं सुसाट. मोकळा रस्ता मिळतो म्हणून. आबा कान पिळायचे आणि तू हसायचास.

पुढं मोठा झालास तरी अक्कल तेवढीच. जुनी गाडी घेतलीस आणि पहिल्याच महिन्यात तिला सायरनचा हॉर्न बसवून आणलास. गावातल्या पोरांनी लावला म्हणून तुलाही पाहिजे. बाजाराच्या दिवशी तो वाजवत गेलास, लोक घाबरून बाजूला झाले, आत तू गॉगल घालून. त्या संध्याकाळी आबांचा आवाज मी पहिल्यांदा इतका चढलेला ऐकला. "खोट्या सायरनला लोकं एकदा बाजूला हुतील, दोनदा हुतील. मग माझ्या गाडीला कोण हुनार हाय?" त्यांनी पक्कड आणून वायर तोडली. दुसऱ्या दिवशी तू ती टेप गुंडाळून जोडलीस. ते जोडकाम तुझ्या सगळ्या कामांसारखंच. सायरन मध्येच अडखळायचा, एक आचका खाऊन पुन्हा सुरू व्हायचा. मी तुला चिडवायचे, तुझ्या गाडीला उचकी लागलीय म्हणून.

आता जे सांगते ते हसण्यावारी नेऊ नकोस. यंदाचा हंगाम सुरू झाल्यावरची गोष्ट. भरदुपारी मी म्हशीला उसाचं वाडं टाकत होते. गारगोटीकडून ॲम्ब्युलन्स आली, घरासमोरून कोल्हापूरकडं गेली. बाजूला थांबलेल्या गाड्या पुन्हा निघाल्या. आणि मागून दुसरा सायरन आला. मी पाहिलं तर रस्ता रिकामा. आवाज जवळ आला, अगदी आपल्या दारासमोरून गेला. रस्त्यावर पाचट पडलेलं होतं, त्यातलं एक पान हललं नाही. पण म्हशीनं मान वर केली आणि जाणाऱ्या गाडीकडं बघावं तशी ती हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरवली. चिंचेच्या वळणापर्यंत आवाज गेला आणि तिथं बंद पडला. लांब जात बारीक झाला नाही, तुटला. माझ्या हातातलं वाडं तसंच हातात राहिलं.

मला वाटलं, जागरणानं डोकं फिरलं असेल. पण चिमणाकाकींनी पदर तोंडाला लावला होता. त्यानंतर प्रत्येक वेळी तेच. आता तर सगळ्यांनाच माहीत झालंय. ॲम्ब्युलन्स गेली तरी कोणी निघत नाही. ट्रॅक्टरवाले गाण्यांचा डेक बंद करतात. एसटीतली माणसं खिडकीतून बाहेर न बघता बसून राहतात. सगळी वाहनं डाव्या कडेला, रस्ता मोकळा आणि त्या मोकळ्या रस्त्यावरून तो आवाज जातो. वळणावर तुटला की मग एकेक इंजिन सुरू होतं. त्याबद्दल कोणी बोलत नाही. परगावचा एक कारवाला विचारत होता, कशाला थांबलाय म्हणून. त्याला एवढंच सांगितलं, "पावणं, जरा दम धरा, मागनं एक हाय."

आणि तो आवाज अडखळतो, पृथ्वी. आचका खातो आणि पुन्हा सुरू होतो. मी पहिल्या दिवशीच ओळखला होता. तरी खात्री करायला माळ्यावर चढले. गाडीतून काढून आणलेला तुझा हॉर्न आबांच्या जुन्या खाकी शर्टात गुंडाळलेला तिथंच होता, वायरी लोंबत असलेला, कशालाही न जोडलेला. हात लावला तर कोमट लागला. मी तो तसाच गुंडाळून ठेवला आणि आईला काही सांगितलं नाही.

गेल्या हंगामातली ती दुपार आपण घरात कोणी बोलून दाखवत नाही. आज लिहिते. आबांच्या छातीत कळ आली, त्यांच्या हाताखाली शिकलेला राजवीर ॲम्ब्युलन्स घेऊन आला. आई आणि मी आत बसलो. तुला म्हटलं होतं, मागून सावकाश ये. तू कसला सावकाश येतोस. मागच्या काचेतून मला तुझी गाडी दिसत होती, इतकी जवळ की तुझं तोंड दिसत होतं. रडत होतास. आबांनी डोळे उघडले, तो अडखळता सायरन ऐकला आणि हात वर केला. आईला वाटलं पाणी मागतायत. ते तुला थांब म्हणत होते. चिंचेच्या वळणावर तू जरा मागं पडलास, राजवीरची गाडी वळणाआड गेली, बाजूला थांबलेला ट्रॅक्टर डेकच्या दणक्यात पुन्हा रस्त्यावर आला. मागून दुसरी येतेय हे त्याला ऐकूच गेलं नाही. आम्हालाही एवढंच कळलं, की तुझा सायरन बंद पडला. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, शहाण्यासारखा मागं राहिलास म्हणून.

आबा वाचले, पृथ्वी. हे तुला कोणी सांगितलेलंच नाही, नाही का? त्यासाठीच हे पत्र. तुला अजून वाटतं, पुढच्या प्रत्येक गाडीत आबाच आहेत. नाहीत रे. ते ओट्यावर बसलेत, रस्त्याकडं डोळे लावून, आणि तू आलास की तुला थांबवायला उठतात. तू थांबला नाहीस तर एक दिवस त्या गाडीत खरंच तेच असतील. उद्या मी वळणाच्या अलीकडं, डाव्या कडेला उभी राहीन. पुढची गाडी जाऊ दे. तुझा आवाज आला की हे पत्र मोठ्यानं वाचीन, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. अंगणात शिकवलं होतं तसंच कर. डावा इंडिकेटर दे. वेग कमी कर. कडेला घे. थांब. कोणाच्या मागं जायचं नाही आता. आबा घरी आहेत.

तुझी वाट अडवून उभी असलेली,
तुझीच ताई,
वर्षाराणी