सव्वादोन इंचांची रेघ

रविवार, ५ जानेवारी १९४१

टाके निघाले. नऊ होते; मी मोजले. सुरतेच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी आरसा हाती दिला. पाहण्याचा धीर होईना. शेवटी पाहिले— उजव्या स्तनाच्या खाली, घडीत, एक लाल रेघ. एवढेच! सुपारीएवढी गाठ तेथून निघाली. ती दुष्ट नव्हती. गाठ वर असूनही छेद त्यांनी मुद्दाम खाली घेतला. 'वर्षभराने तुझी तुलाच शोधावी लागेल,' असे म्हणाल्या.

बापूंबरोबर नंदुरबारला उतरून बैलगाडीने घरी. गावाला सांगितले आहे की मी नवापूरला मामांकडे होते. मायने माझ्या बक्षिसाच्या पुस्तकावर हात ठेवून वचन दिले— हे कोणालाही कळणार नाही. तिला अक्षरओळख नाही. म्हणूनच त्या हाताची किंमत मला अधिक वाटली.

कंपासपेटीतील पट्टीने रेघ मोजली. सव्वादोन इंच.

रविवार, १९ जानेवारी

खाज सुटते. खाज हे भरून येण्याचे लक्षण, असे शाळेतील आरोग्याच्या पुस्तकात वाचले होते. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते. आता उत्तर स्वतःच्या अंगावर लिहिले जात आहे.

डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे माय रोज सकाळी खोबरेल लावते. दोन बोटांनी, अगदी हलके. मी लाजेने भिंतीकडे तोंड करते. आज मी रंग वहीत टिपून ठेवते हे पाहून ती हसली— "तुन्ही जखम बी पहिला नंबर लई!" मलाही हसू आवरेना. मायच्या इतकी जवळ मी लहानपणानंतर बसले नव्हते.

रविवार, २ फेब्रुवारी

बापूंची बहीण कौसाफुई आली आहे. शहाद्याकडचे स्थळ घेऊन आली. मुलगा शेती पाहतो, चौथीपर्यंत शिकला आहे. त्याची आई दगूबाई मुलीला स्वतः न्हाऊ घालते आणि मगच सुपारी फोडते म्हणे. थोरल्या सुनेच्या पाठीवरचे कोड लपवून तिला दिली, तेव्हापासून ही रीत.

हे ऐकून मी स्वयंपाकघराकडे वळले, तो आतून फुईचा आवाज— "चाकूना डाग लपस नही, वहिनी. डांभना डाग कोनी इचारस नही."

म्हणजे फुईला ठाऊक आहे! पुस्तकावरचा तो हात!

डांभ येथे सर्वांच्याच अंगावर. पोट फुगले, खोकला झाला, की तापलेल्या विळ्याचे टोक टेकवतात. फुईच्या पोटावर तीन आहेत. त्यावर कोणी काही विचारत नाही, हे खरेच. पण दवाखान्याचा चाकू म्हटला की प्रत्येक जण रोगाचे नाव विचारील, आणि हिच्या लेकरांना दूध मिळेल का, हेही विचारील.

मी मायला सरळ विचारले. फुईचे बोलणे मनावर घेऊ नकोस, असे म्हणाली. माझ्याकडे पाहिले मात्र नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

लाली उतरली. आता रेघ कागद दुमडून पुन्हा सरळ केल्यावर घडीची खूण राहते तशी दिसते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लिहिलेच पाहिजे, म्हणून लिहिते.

बापू सकाळीच बाजाराला गेले. मायने तेल लावण्यासाठी गोठ्याशेजारच्या खोलीत बोलावले. तेलाची वाटी खरोखरच होती. शेगडीही होती. शेगडीपाशी रूपलीबाई बसली होती— डोंगरातून मजुरीला येते, गावातल्या पोरांना तीच डांभते. फुईने दार लावले.

रूपलीबाईने मला वाकून पाहिले. बोट फिरवून दाबले. मग मायला म्हणाली, "जठे दुखस तठे डांभतस. आठे काय दुखस?"

माय म्हणाली, लग्नाचे आहे, तू आपले काम कर. रूपलीबाईने मान हलवली. बऱ्या झालेल्या जागेला विस्तव लावायचा नसतो, असे ती म्हणाली, आणि उठून गेली. तिच्यासाठी भरून ठेवलेले धान्याचे सूपही तिने नेले नाही.

मला वाटले, सुटले.

फुईने माझे हात मागे धरले. विळा मायने उचलला. "डोया झाक, रेवा."

मी डोळे झाकले नाहीत. ज्या दोन बोटांनी ती तेल लावीत असे, त्यांनीच तिने घडी वर उचलून धरली.

तीन वेळा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज तेल नाही. तिने विचारले नाही. मी मागितले नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

पाणी धरले होते, पू झाला, आता खपली आहे. चाकूने कापलेले मिटत गेले. हे मिटत नाही, पसरते. रंग कच्च्या कलेजीसारखा. कडा उचललेल्या. डॉक्टरीणबाईंनी इतक्या विचाराने घडीत लपवलेली जागा आता चोळीला घासून दिवसभर आपली आठवण देते.

पट्टी घेतली. डांभ पावणेदोन इंच झाकतो. काखेकडचा अर्धा इंच उरला आहे— तीच बारीक, फिकट रेघ. मायचा हात तेथवर पोचला नाही. हा अर्धा इंच मी कोणालाही दाखवणार नाही.

माय आज दाराशी उभी राहून म्हणाली, तुझ्यासाठीच केले. मी वाचीत राहिले. पान उलटले नाही.

रविवार, १६ मार्च

होळी झाली, पाहुणे आले. दगूबाईंनी मला न्हाऊ घातले. उंच, अबोल बाई. हात स्वच्छ. डांभापाशी थांबल्या आणि हे कशाचे, असे त्यांनी विचारले. फुई तत्पर होतीच— "खोकला व्हयेल व्हता, हिवाळामा."

दगूबाईंनी मान डोलावली. परंतु त्यांचे बोट डांभावरून पुढे सरकले, काखेकडे. त्या अर्ध्या इंचावर थांबले. मग त्यांनी तांब्या उचलून पाणी ओतले.

बाहेर सुपारी फुटली. मायने माझ्या तोंडात गूळ घातला. मी तो गिळला. गोड लागला नाही. तिची चाल फळाला आली. आता ती मला कधीच चुकले म्हणणार नाही.

सोमवार, १७ मार्च

सकाळी निघण्यापूर्वी दगूबाई एकट्या आत आल्या. दार लोटले, आपल्या चोळीची गाठ सोडली आणि डावीकडची घडी उचलून धरली. मला आधी दिसेच ना. मग दिसली— केसाएवढी बारीक, पांढरी रेघ. सहा वर्षांपूर्वीची, सुरतेची, असे म्हणाल्या. त्यांच्या घरात कोणालाही ठाऊक नाही.

"इतलं बरं व्हयेल व्हतं, पोरी. हाई कोनी जाळी टाकं?"

लोटलेले दार अर्धे उघडले होते. तेथे माय उभी होती. हातातला चहाचा पेला कलून सांडत होता.

मी म्हणाले, "खोकला व्हयेल व्हता."