मुठीखालचा गंज

नगर

प्रिय भीमराज,

तुझी तलवार माझ्या कपाटात सुखरूप आहे. नीलांबरी मात्र माझ्यावर वैतागली आहे. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला, साठीला टेकलेला नवरा दिवसभर मोबाईलवर जपानी तलवारींचे लिलाव बघतो, हे तिला शेजारी सांगवत नाही. पण तू किंमत काढायला सांगितलीस, आणि तुझं काम मी टाळलंय असं कधी झालंय का?

तीन महिन्यांत एवढं कळलं की विकणारा सांगतो त्या आकड्याला काही अर्थ नसतो, बोली शेवटी कितीवर थांबली तेच बघायचं. फोटोत चकाकणाऱ्या पात्यालाही भुलायचं नाही. महायुद्धात कारखान्यांनी ढिगानं काढलेल्या तलवारींना फारसं कोणी विचारत नाही, पण कधी तशाच लष्करी म्यानातून तीनशे वर्षांचं पातं निघतं आणि मग बोली लावणारे वेडे होतात. तुझ्या आजोबांनी, सहादूबाबांनी, ब्रह्मदेशच्या लढाईतून आणलेलं पातं तसंच जुनं आहे. मुंबईच्या लिलाववाल्यांचंही तेच मत पडलं, आणि मी घरात पेढे वाटायचा बाकी राहिलो. मग त्यांनी मूठ काढून आतल्या लोखंडाचा फोटो मागितला. जाणकार वय ठरवतात ते तिथल्या काळपट, मुरलेल्या गंजावरून, म्हणून तो कोणी काढत नाही. तो काढणं म्हणजे जुन्या दस्तावरचा शिक्काच खरवडणं. आपलं लोखंड घासून उजळलेलं, कारागिराची सहीही अर्धीमुर्धी उरलेली. आठ लाखांचा अंदाज दीडवर आला.

फोनवर तू आप्पांवर किती चिडलास! बापानं हौसेपायी वाटोळं केलं म्हणालास. तलवारीच्या पैशातून खर्ड्यात उभ्या राहणाऱ्या अभ्यासिकेत सहादूबाबांचा फोटो लागेल, आप्पांचा लागणार नाही, असंही म्हणालास. गेलेल्या माणसावर एवढा राग! मी नुसतं हं हं करत राहिलो. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

तो दसरा तुला आठवत असेल. आपण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तुम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलात आणि घराची किल्ली माझ्याकडे दिलीत. तुझी आई म्हणाली होती, "अवधूत हाय म्हनल्यावर घोर न्हाई." परत आल्यावर सहादूबाबांनी तेल लावायला मूठ उघडली आणि घर डोक्यावर घेतलं. मुठीखाली हात लावायचा नाही, हे त्यांना एका जपानी कैद्यानं खुणेनं बजावलं होतं. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, "बा, म्याच घासली. जायच्या आदी." बाबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तू माझ्या शेजारीच उभा होतास.

भीमा, ती मी घासली होती. खंडेनवमीला आमच्याकडे अडकित्त्यापासून विळीपर्यंत सगळं चिंच आणि राखेनं घासून पूजेला मांडतात. तुमच्यात ती पूजा नाही, म्हणून बाबांचं एवढं हत्यार तसंच पडून राहतं याचं मला वाईट वाटलं. मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली, दुपारभर घासलं, फूल वाहिलं आणि परत बसवलं. आप्पांनी माझी काळी पडलेली नखं बघितली होती. दुसऱ्या दिवशी मला विहिरीवर गाठून एवढंच म्हणाले, "तुला उद्या आमच्या घरात यायचं हाय, पोरा. मला काय, म्या त्यांचा ल्योकच हाय." त्यानंतर चाळीस वर्षं मी तुमच्या घरी जेवलो. आप्पांना खांदा दिला, तरी तोंड उघडलं नाही. मला लाज वाटते रे. राग धरायचा तर माझ्यावर धर. हे पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखव, आणि आप्पांचा फोटो बाबांच्या शेजारी लाव. उद्घाटनाला मला बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
अवधूत